पुसलेला शुक्रवार

विचाई, काल तुझ्या नावानं फार खोटं बोललं गेलं. मी तिथेच होतो, दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. गॅलरीवाल्या मॅडमनी तुझा मोठा फोटो लावला होता. त्यात तू दात दाखवून हसतोयस. असा तू कधी हसायचास? फोटोग्राफरनं सांगितलं असणार आणि तू, नेहमीसारखं, ऐकलं असशील. फोटोला फ्रेम बाजारातली तयार आणली होती, वरचा डावा कोपरा उघडा पडलेला. इथे कुवेतात, फहाहीलला मी बसलोय, तीस वर्षं फ्रेमा बनवतोय, पण मला विचारलं नाही. अर्धा तास भाषणं चालली आणि अर्धा तास मी त्या कोपऱ्याकडे बघत बसलो.

काय काय बोलले! एका वकिलातीतला गोरा म्हणाला की तू वाळवंटाशी संवाद साधलास. डोंबलाचा संवाद. अठरा वर्षांत तू माझ्याशी दोन वाक्यं सलग बोलला नाहीस, वाळवंटाशी काय बोलणार? मग ते पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले मोठे साहेब उठले, ज्यांच्या दिवाणखान्यात तुझी तीन चित्रं आहेत. ते तुला दर वेळी वेगळ्याच नावानं हाक मारायचे, आठवतं? काल बरोबर नाव घेतलं. कागदावर लिहून आणलं होतं. म्हणाले, तुझं मौन हीच तुझी कला. लोकांनी माना डोलावल्या आणि खजूर खाल्ले. कॉफी मात्र चांगली होती, ते कबूल करतो.

यातलं कुणी शवागारात आलं नव्हतं. तिथे मी होतो, तुमच्या वकिलातीतली ती चष्मेवाली बाई होती, आणि कागद होते. आमच्यात माणूस गेला की अस्र नाहीतर मगरिबच्या नमाजाआत मातीआड करतात. तुला नऊ दिवस थांबावं लागलं. एक शिक्का राहिला, मग एक सही राहिली, मग इकाम्यावरचं, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरचं, स्पेलिंग आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग जुळेना. तुझी बहीण रोज फोन करायची, ती थाईत रडायची, मी हिंदीत 'होता है, होता है' म्हणायचो. शेवटी पेटी आली. विचाई, काय ती पेटी! कोपरे नुसते खिळ्यांनी ठोकलेले, फळ्या ओल्या लाकडाच्या. तुझी चित्रं लंडनला गेली, दुबईला गेली, दर वेळी त्यांच्यासाठी मी पेटी बनवली, स्क्रू लावून, आतून फोम घालून. आणि तुला असल्या खोक्यात घातलं. मी तिथल्या माणसाला म्हटलं, दहा मिनिटं द्या, कोपरे तरी नीट करतो. त्यानं माझ्याकडे वेडा समजून पाहिलं.

हे मी मराठीत लिहितोय. मी दाभोळ खाडीपलीकडच्या गावातला, तिथल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, लिहायला मला हीच भाषा येते. तुला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आपण जे बोलायचो ती भाषा कुणाच्याच बापाची नव्हती. थोडी हिंदी, थोडी इंग्रजी, चार अरबी शब्द, बाकी हातवारे. तेव्हा तू असतास तरी हे तुला वाचता आलं नसतं. म्हणून लाज न ठेवता लिहितो.

पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा अंगावर कंपनीचा निळा डांगरी सूट होता आणि बगलेत ताडपत्रीची गुंडाळी. मला वाटलं, तंबूवाला. तू गुंडाळी टेबलावर सोडलीस. करडा रंग, त्यावर करडा रंग, मध्ये एक लाल पट्टा. मी विचारलं, हे काय आहे? तू म्हणालास, 'फ्रायडे.' मी म्हटलं, वार विचारला नाही, चित्र कशाचं आहे? तू पुन्हा म्हणालास, 'फ्रायडे.' नंतर कळलं की सुट्टीच्या दिवशी काढलेलं म्हणून नाव शुक्रवार. पुढच्या सगळ्या चित्रांचं नाव शुक्रवारच. नुसता आकडा बदलायचा. एवढा मोठा चित्रकार, पण नाव ठेवायचाही आळस.

अहमदीच्या बाजूला तेलाच्या टाक्यांना तू रंग मारायचास. आधी लाल प्रायमर, मग करडा, मग वरून पांढरा. तिकडे गावी रीतसर कला महाविद्यालयात शिकलेला माणूस, आणि इथे बादली आणि फवाऱ्याची बंदूक घेऊन परांचीवर चढायचा. मला त्याचं वाईट वाटलं असेल असं समजू नकोस. आमच्या गावचे पदवीधर इथे टॅक्सी चालवतात. मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. आठवडाभर करडा रंग मारून शुक्रवारी मोकळा झालास की पुन्हा करडाच रंग घेऊन बसायचास. अरे, निळा घे, हिरवा घे, एखादं झाड काढ, तुमच्याकडचा हत्ती काढ. तू म्हणायचास, 'ये रंग मैं जानता.' बस. एवढंच.

माझ्या दुकानात काय काय येतं तुला माहीत आहे. कुराणातल्या आयती येतात, लग्नाचे फोटो, पोरांची शाळेची सर्टिफिकेटं, कुणाच्या आईनं भरतकाम केलेला मोर. ते बघून समोरचा माणूस ओळखतो, हा मोर, ही आयत, ही माझी नवरी. तुझी चित्रं भिंतीला टेकवून ठेवली की गिऱ्हाइकं विचारायची, भाई, हे पॅकिंगचं आहे का? मी म्हणायचो, हो. खोटं सांगितलं नाही मी, माझं तेव्हा तेच मत होतं. तुझ्या तोंडावरही सांगायचो की असलं तर मीही काढीन. तू मान हलवायचास.

एकदा काढलंच. तू टाकून दिलेला करडा रंग होता, उरलेल्या कॅनव्हासचा तुकडा होता, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. रंग फासला, मध्ये लाल ओढला, वाळवलं आणि तुझ्या चार चित्रांत पाचवं म्हणून ठेवून दिलं. मनात म्हटलं, आता बघू या उंटावरच्या शहाण्याला कळतं का. तू आलास, तासभर बसलास, चहा प्यायलास. जाताना त्याच्याकडे बोट दाखवलंस. 'ये तुम्हारा.' मी विचारलं, कशावरून? तू चित्राच्या चारही कडांवरून बोट फिरवलंस. मी चारही बाजूंना अर्ध्या इंचाची कोरी पट्टी सोडली होती. फ्रेमची पट्टी बसायला! रंगवतानाही मी फ्रेमची जागा सोडून रंगवलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता. तू पहिल्यांदा माझ्यासमोर आवाज करून हसलास. ते हसणं काल फोटोत नव्हतं.

त्यानंतर शुक्रवारी नमाज झाली की तू आमच्या घरी जेवायला यायचास. शमीमला, माझ्या बायकोला, तू कधी नीट कळला नाहीस, पण तुझं खाणं कळलं. सुकट, तांदळाची रोटी, नारळाचा रस्सा. बाकी परदेशी माणसं सुकटीच्या वासानं पळतात, तू ताटली चाटायचास. खिशातून हिरव्या मिरच्या काढून वर चावायचास. ती म्हणायची, हा तर आपल्या खाडीतलाच दिसतो, चुकून तिकडे जन्मला. आमची लेक सना तेव्हा शाळेत होती. ती तुझ्याशी इंग्रजीत बोलायची, तू मान हलवायचास, आणि दोघांचं कसं जमायचं अल्लाला ठाऊक. मी सोडून सगळ्यांना तुझी चित्रं आवडायची. शमीमनं तर एक स्वयंपाकघरात लावलं. म्हणाली, डोळ्याला त्रास देत नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. तिच्याभोवती मी किती फिरतोय ते तुला कळलं असेलच.

मॅडमनी तुझं पहिलं मोठं प्रदर्शन ठरवलं त्या वर्षाची गोष्ट. तू एक चित्र घेऊन आलास, दारातून आडवं करून आत घ्यावं लागलं इतकं मोठं. करड्यावर सगळीकडे धूळ चिकटलेली, बारीक, पिवळट, कुठे कुठे वाळूचे कण. आदल्या आठवड्यात तोझ येऊन गेला होता. इथल्या धुळीच्या वादळाला तोझ म्हणतात आणि तो आला की माझं दुकान दोन दिवस नुसतं झाडण्यात जातं. मी समजलो, गच्चीवर वाळत ठेवलं असणार आणि हा शहाणा आत घ्यायला विसरला. तू फक्त 'फ्रेम' म्हणालास आणि कामावर गेलास.

विचाई, मी फ्रेमवाला आहे. कुवेतमधला फ्रेमवाला म्हणजे निम्मा धूळ पुसणारा. काच लावायच्या आधी एक कण आत राहिला तर गिऱ्हाईक परत आणून टेबलावर आपटतं. माझे हात ती सवय विसरत नाहीत. तीन दिवस बसलो. आधी मऊ ब्रश, मग साबणाच्या पाण्यात पिळलेला कापूस, मग रंगात रुतलेले कण बांबूच्या काडीनं एकेक करून काढले. मान आखडली, डोळे सुजले. शमीम म्हणाली, एवढं कुणाचं करताय? मी म्हटलं, वेड्याचं. मनातून खूश होतो. तुझं पहिलं प्रदर्शन, आणि माझ्यामुळे चित्र नव्यासारखं झालं होतं.

तू आलास, समोर उभा राहिलास. मी वाट बघत होतो, आता म्हणशील, वा रशीदभाई. तू उजव्या हाताची बोटं चित्रावरून फिरवलीस. कण निघाले होते तिथे बारीक खळगे राहिले होते, त्यांवरून फिरवलीस. मग म्हणालास, 'क्लीन.'

'मग! तीन दिवस घातले.'

'बहुत क्लीन,' तू म्हणालास, आणि खुर्चीवर बसून चहा मागितलास.

चहा मागितलास! दुसरा कुणी असता तर टेबल उलथवलं असतं. आमच्या गावात कुणी कुणाच्या होडीला न विचारता वेगळा रंग लावला तर तीन पिढ्या बोलत नाहीत. तू दोन साखर घालून चहा प्यायलास, माझ्या मानेला काय झालं विचारलंस, आणि गेलास. मला काय स्वप्न पडणार होतं? तूच मूग गिळून बसलास.

आणि नेमकं तेच चित्र गाजलं. मॅडमनी छापलेल्या पुस्तिकेत आलं, की चित्रकारानं स्वतःच्या हातानं पुसून टाकलेलं, उरलेल्या खळग्यांत नसण्याची जाणीव वगैरे. लोक त्या खळग्यांपुढे मान वाकडी करून उभे राहायचे. मी कोपऱ्यात उभा राहून हसू दाबत होतो. बांबूची काडी माझी होती ना! तू जवळच होतास. मॅडम तुला विचारत होत्या, ही कल्पना कशी सुचली. तू माझ्याकडे पाहिलंस, मग त्यांच्याकडे, आणि म्हणालास, 'अपने आप.' तिथे मी तुझ्याबद्दल मनातल्या मनात काय म्हटलं ते लिहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या गच्चीवर आलो, ते तुला माहीत नाही. माहीत नव्हतं असं मी धरून चालतो. लाकडी चौकटी द्यायच्या होत्या, तू फोन उचलत नव्हतास, आणि बाहेर तोझ सुरू झालेला. दुपारचे तीन, पण दिवा लावावा असा पिवळा अंधार. लिफ्ट बंद. चार जिने चढून वर आलो आणि गच्चीचं दार ढकललं. तू बसला होतास. तोंडाभोवती तुझा तो चौकड्याचा पंचा गुंडाळलेला, डोळे मिटलेले, केस पिवळे झालेले. शेजारी ओलं चित्र उताणं पडलेलं, तोंड आभाळाकडे. तू अशा बाजूला बसला होतास की तुझ्या अंगाचा आडोसा होऊ नये. मधूनच डोळे किलकिले करून उठायचास, तव्यावरची रोटी फिरवावी तसं चित्र थोडं फिरवायचास आणि पुन्हा बसायचास. नाकातोंडात धूळ जात होती, खोकत होतास. उठत नव्हतास.

तेव्हा मला कळलं. मी तीन दिवस बसून काय काढलं होतं ते कळलं. वरच्या पायरीवर मी किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. मग चौकटी जिन्यातच ठेवल्या आणि खाली आलो.

पुढच्या आठवड्यात तू ते चित्र आणलंस. धुळीसकट. टेबलावर ठेवलंस आणि यावेळी कामावर गेला नाहीस, उभा राहिलास. मी ब्रश खणात टाकला आणि पट्टी कापायला घेतली. चित्राला हात लावला नाही. तू दोनदा थँक्यू म्हणालास. तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडून एक वाक्य सांगायचं होतं. पण मी रागावलो होतो तुझ्यावर. वाटलं, यानं तेव्हा शिवी घातली असती तर मी दोन घातल्या असत्या, चार दिवस बोललो नसतो, आणि विषय संपला असता. ही कुठली रीत, माणसाला त्याच्या चुकीसोबत एकटं सोडून द्यायचं आणि वर चहा मागायचा? तुला तो सभ्यपणा वाटत असेल. मला तो माज वाटायचा. अजूनही वाटतो.

आणि मग मी काय केलं? मी त्याचा किस्सा केला. दुकानात कुणी तुझं नाव काढलं की सांगायचो, अहो, त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र आहे ना, ते मी पुसलं, या हातानं, साबणाच्या पाण्यानं! लोक पोट धरून हसायचे, खरं कुणालाच वाटायचं नाही. तुझ्यासमोर सांगितला. एकदा नाही, पाच-सहा वेळा. तू हसायचास, मान हलवायचास, एकदा तर मी काडीचं सांगायला विसरलो तर तूच बोटांनी काडी करून दाखवलीस. सना सुट्टीला आली होती तेव्हा. कॉलेजात डिझाइन शिकत होती. सगळे हसले, ती हसली नाही. घरी येऊन म्हणाली, 'अब्बा, यू रुइन्ड इट. अँड यू नो इट.' मी तिला म्हटलं, बापाशी बोलायची ही पद्धत? दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा मी कळसा काखेत दाबून गावभर हसत फिरत होतो.

काल भाषणं संपल्यावर मॅडमनी मला पुढे बोलावलं. सगळ्यांना म्हणाल्या, हे रशीद, विचाईचे फ्रेमवाले, यांच्याकडे एक फार गमतीची आठवण आहे. सगळे वळले. तुझा फोटो माझ्या पाठीशी, उघड्या कोपऱ्याचा. आणि विचाई, मी तो किस्सा सांगितला. पुन्हा. साबणाचं पाणी, बांबूची काडी, तुझं 'बहुत क्लीन', सगळं, नक्कल करून. वकिलातीतला गोरा डोळे पुसत हसला. मीही हसलो. ज्यांना मी इतका वेळ नावं ठेवत बसलो होतो त्यांच्यापेक्षा मोठं खोटं मीच बोललो, आणि माझ्याइतक्या टाळ्या कुणालाच मिळाल्या नाहीत. परतताना फहाहीलपर्यंत गाडीत रेडिओ लावला नाही. थू माझ्या जिंदगानीवर.

तुझं शेवटचं चित्र माझ्या टेबलावर आहे. मंगळवारी आणलंस, गुरुवारी तू गेलास. चौथ्या जिन्यावर बसलेला सापडलास, नवी ताडपत्री मांडीवर. लिफ्ट पुन्हा बंद होती. साठी उलटलेल्या माणसानं कशाला चढायचं, पण तुला कोण सांगणार. चित्र तसं लहान आहे. करडं, कडेला लाल प्रायमर, आणि धूळ यावेळी इतकी दाट की बोटानं नाव लिहिता येईल. तू ठेवताना म्हणालास, 'ये अच्छा हुआ.' अठरा वर्षांत स्वतःच्या चित्राला पहिल्यांदा चांगलं म्हणालास. मी म्हटलं, बघू. तुला शेवटचं बोललो ते हे. 'बघू.'

आज सकाळी मॅडमचा फोन आला. पुढच्या महिन्यात तुझ्या आठवणीचं प्रदर्शन आहे, हे चित्र मधोमध लावायचंय. म्हणाल्या, रशीद, जरा हलका ब्रश फिरव आणि काच लाव, असं दिलं तर लोकांना वाटेल गोदामातून काढलंय. तू तर यातला उस्ताद आहेस. आणि हसल्या. मी बरं म्हटलं. फोन ठेवला, खण उघडला, ब्रश काढला. तुला खोटं कशाला सांगू, माझा हात चालला. खालचा उजवा कोपरा, अंगठ्याएवढी जागा. धूळ गेली आणि खालचा करडा रंग दिसला, स्वच्छ. मग मी थांबलो. ब्रश हातात धरून उभा राहिलो आणि दुकानात, भर सकाळी, शटर वर असताना रडलो. समोरचा मोबाइलवाला बघत होता. बघू दे.

मग मीच मॅडमना फोन लावला. सांगितलं की हे चित्र पुसलं जाणार नाही, काच लागणार नाही, आणि फ्रेम अशी करीन की चित्राची एकही कड पट्टीखाली झाकली जाणार नाही. त्या म्हणाल्या, का? मी म्हटलं, धूळ त्यानं लावलीय. गच्चीवर बसून, तोंडाला पंचा बांधून लावलीय. आणि ते दुसरं चित्र, पुस्तिकेतलं, ते त्यानं पुसलेलं नाही, मी पुसलंय, मी त्याचं वाटोळं केलंय, तो गमतीचा किस्सा नाही. तसं छापा.

त्या आधी हसल्या. मग फार गोड आवाजात म्हणाल्या की ते चित्र आता साहेबांच्या दिवाणखान्यात आहे, इतक्या जणांनी त्यावर इतकं लिहिलंय, आता असं काही बोलणं विचाईच्याच नावाला बरं दिसणार नाही. तुझ्या नावाची काळजी! मी म्हटलं, मग मी बोलतो. प्रदर्शन जितके दिवस आहे तितके दिवस दुकान बंद ठेवतो आणि त्याच्या शेवटच्या चित्राशेजारी खुर्ची टाकून बसतो. जो येईल त्याला सांगतो. त्या म्हणाल्या, रशीद, तसं असेल तर यापुढे आमचं काम तुझ्याकडे येणार नाही. मी म्हटलं, माझ्याकडे मोर येतात, आयती येतात, माझं चालेल. चित्र न्यायला रविवारी गाडी पाठवते म्हणाल्या. पाठवू देत. चित्रासोबत मी बसूनच जाणार आहे.

दुपारी शमीमचा फोन आला, जेवायला येताय ना, बाहेर धूळ सुटतेय, शटर ओढून घ्या. सकाळचं सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, सनाला फोन करा. केला. तिला मराठीतच सांगितलं. ती म्हणाली, 'ओके, अब्बा.' मग मोडक्या मराठीत, 'बरं केलं.'

आता पट्टी कापून झालीय. चारही कोपरे जुळलेत, नखसुद्धा जाणार नाही. चित्राच्या मागे मी लिहिलंय, इंग्रजीत, अरबीत, आणि खाली मराठीत, की ही धूळ चित्रकाराची आहे, पुसू नये. त्याखाली लिहिलंय की खालच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा फ्रेमवाल्यानं पुसली. सही केलीय. तुझी चित्रं मला अजूनही कळत नाहीत, तेवढं लक्षात ठेव. करड्यावर करडं, आणि नाव म्हणे शुक्रवार.

पण ते मोठं चित्र मी बिघडवलं. तुला विचारलं नाही, कळल्यावर सांगितलं नाही, आणि वर तुझ्यादेखत हसलो. माझं चुकलं, विचाई.

आता तरी भांड.